‘घेतली’ कीं ‘घ्यावी’? : फ्रेंच कागदांतील एका क्रियारूपाचा अर्थनिर्णय

१. प्रयोजन

मराठ्यांच्या इतिहासाचीं परकीय साधनें म्हटलीं कीं आपल्याकडे प्रथम फारसी, मग इंग्रजी, मग पोर्तुगीज आणि सर्वांच्या शेवटीं फ्रेंच असा क्रम लागतो. फ्रेंच साधनें संख्येनें थोडीं आहेत हें खरें. परंतु मोलानें तीं हलकीं नाहींत. फ्रेंचांची सुरतेची वखार १६६८ सालीं उघडली. पाँडिचेरीस फ्रेंचांचें ठाणें फ्रांस्वा मार्तें यानें १६७४ सालीं वसविलें. शिवाजीमहाराज १६७७ सालीं कर्नाटकाच्या स्वारींत असतां याच मार्तेंनें आपला मनुष्य त्यांच्या छावणींत पाठविला व तेथील हकीकत आपल्या टिपणांत लिहून ठेविली. आबे कारे हा फ्रेंच पाद्री १६७२ ते १६७४ या काळांत या देशांत हिंडला. त्याच्या १६९९ सालीं पॅरिसांत छापलेल्या ग्रंथांत महाराजांचा वृत्तांत आहे. पुढें पेशवाईंत सेंत-ल्युबें हा फ्रेंच गृहस्थ १७७७ सालीं पुण्यास आला आणि त्याच्या येण्यानें इंग्रजांची झोंप उडाली, हें सर्वश्रुत आहे.

हीं साधनें हळूहळू उजेडांत आलीं. मार्तेंचीं टिपणें १९३१ ते १९३४ या वर्षांत तीन भागांत छापलीं गेलीं. मराठ्यांच्या इतिहासासंबंधींच्या फ्रेंच कागदांचे डॉ. व्ही. जी. हातळकर यांनीं सिद्ध केलेले खंड महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९७८ पासून प्रसिद्ध केले. तथापि मूळ हस्तलिखितें वाचण्याचें व त्यांच्या नकला तपासण्याचें काम पुष्कळ उरलें आहे. तें करूं इच्छिणाऱ्यास फ्रेंच व्याकरणांतील एका रूपाची ओळख नीट असणें अवश्य आहे. हें रूप ओळखण्यांत चूक झाली तर जें कोणी इच्छिलें तें घडलें असें होतें, ज्याची भीति होती तें झालें असें होतें, आणि आज्ञा ही कृति म्हणून इतिहासांत शिरते. त्या रूपाचा विचार करावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. रूपाची सिद्धि

फ्रेंच वैय्याकरण या रूपास ‘एंपार्फे द्यु स्युब्झोंक्तिफ’ म्हणतात. यांतील ‘स्युब्झोंक्तिफ’ या पदाचा मूळ अर्थ ‘खालीं जोडलेलें’ असा आहे. जें क्रियापद स्वतंत्रपणें कांहीं प्रतिपादन करीत नाहीं, दुसऱ्या क्रियापदाच्या किंवा अव्ययाच्या आश्रयानें राहतें, त्याचें हें रूप होय. म्हणून या लेखापुरतें त्यास ‘आश्रितभूत’ म्हणूं. याच्या उलट, जें घडलें तें सरळ सांगणारें जें इतिहासलेखनाचें नेहमींचें रूप, ‘पासे सेंप्ल’, त्यास ‘कथनभूत’ म्हणूं.

आश्रितभूताची सिद्धि कथनभूतावरूनच होते, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. ‘प्रांद्र’ म्हणजे घेणें हें क्रियापद पाहावें. कथनभूताचीं सहा रूपें उच्चारानुसार अशीं: प्री, प्री, प्री, प्रीम्, प्रीत्, प्रीर्. आश्रितभूताचीं सहा अशीं: प्रिस्, प्रिस्, प्री, प्रिस्यों, प्रिस्ये, प्रिस्. सहांपैकीं पांच ठिकाणीं दुहेरी ‘एस’ या अक्षरामुळें आश्रितभूत तत्काळ ओळखतां येतें. फक्त तृतीय पुरुषाच्या एकवचनीं दोन्ही रूपें ‘प्री’ अशींच होतात. लेखनांतहि दोहोंचीं अक्षरें पी, आर, आय, टी हींच चार. अंत्य टीचा उच्चार नाहीं. भेद इतकाच कीं आश्रितभूतांत आय या अक्षरावर, टिंबाच्या जागीं, घराच्या आढ्यासारखी एक बारीक खूण असते. तीस फ्रेंच लोक ‘आक्सां सिर्कोंफ्लेक्स’ म्हणतात. आपण छत्रचिन्ह म्हणूं.

आतां इतिहासाचा कागद म्हणजे बहुतेक तृतीय पुरुषाच्या एकवचनाचाच व्यवहार. राजानें काय केलें, नबाब कोठें गेला, किल्लेदारानें काय दिलें, हेंच त्यांत असावयाचें. ज्या क्रियापदांत हा घोटाळा संभवतो तीं क्रियापदेंहि इतिहासांत पदोपदीं लागणारीं आहेत: असणें (‘फ्यू’), येणें (‘वें’), करणें (‘फी’), ठेवणें (‘मी’), परत देणें (‘रांदी’), मिळणें (‘रस्यू’), मरणें (‘मूर्यू’). या प्रत्येकाचें कथनभूत व आश्रितभूत यांत केवळ छत्राचा भेद आहे. सुदैवानें फ्रेंचांतील पहिल्या व सर्वांत मोठ्या गणाचीं क्रियापदें, म्हणजे ‘दोने’ (देणें), ‘एमे’ (प्रीति करणें) इत्यादि, या दोषापासून मुक्त आहेत. कारण त्यांच्या कथनभूताच्या शेवटीं टी येत नाहीं व आश्रितभूताच्या शेवटीं येतो. तेथें छत्र पुसलें तरी टी उरतो.

३. शिवडीचें उदाहरण

नियम उदाहरणाशिवाय मनांत ठसत नाहीं. ज्याचा शेवट निर्विवादपणें ठाऊक आहे असा एक प्रसंग घेऊं.

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर शिवडीस इंग्रजांनीं १६८० सालीं एक लहानसा किल्ला बांधला. बंदरावर नजर ठेवणें व जंजिऱ्याच्या सिद्दीस प्रतिबंध करणें हा त्याचा उपयोग. पुढें सर जॉन चाइल्ड याच्या कारकीर्दींत इंग्रजांनीं औरंगजेबाशीं वैर आरंभिलें, आणि १६८९ सालीं बादशहाच्या पक्षानें सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. शिवडी घेऊन तो माझगांव व माहीम येथें पसरला आणि इंग्रजांस मुख्य किल्ल्यांत कोंडून धरिलें. तह होऊन १६९० सालीं सिद्दीनें बेट सोडलें. शिवडीचा तो किल्ला आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून, त्याच्या समोरील खाडीवरून २०२४ सालीं वाहतुकीस खुला झालेला न्हावाशेव्याचा सेतु जातो.

असें समजूं कीं त्या काळीं एखाद्या फ्रेंच वखारीच्या लेखकानें या प्रकरणाची वार्ता लिहिली. पुढील वाक्यें प्रस्तुत लेखकानें समजुतीसाठीं रचिलीं आहेत. तीं कोणत्याहि दप्तरांतील नव्हेत. पहिलें वाक्य: ‘ल सिदी प्री सेव्री’, म्हणजे ‘सिद्दीनें शिवडी घेतली’. दुसरें वाक्य: ‘लेझांग्ले क्रेन्ये क ल सिदी न प्री सेव्री’, म्हणजे ‘सिद्दी शिवडी घेईल अशी इंग्रजांस भीति होती’. पहिल्या वाक्यांतील ‘प्री’ कथनभूत आहे व दुसऱ्यांतील आश्रितभूत. पहिलें वाक्य सिद्दी उतरल्यानंतरच लिहितां येईल. दुसरें त्याच्या आधींहि लिहितां येईल, आणि सिद्दी मुळींच आला नसता तरीहि तें खरें ठरलें असतें.

आतां दुसऱ्या वाक्यांतील छत्र नकलकाराच्या हातून सुटलें अशी कल्पना करा. उत्तरार्ध तेवढा तोडून वाचणारास ‘सिद्दीनें शिवडी घेतली नाहीं’ असा अर्थ भासेल, कारण मध्यें ‘न’ आहे. वस्तुतः हा ‘न’ निषेधार्थी नव्हे. फ्रेंचांत निषेधास बहुधा ‘न’ आणि ‘पा’ अशीं दोन पदें लागतात. भीति दाखविणाऱ्या क्रियापदामागून येणारा एकटा ‘न’ हा भीतीचाच सहचर आहे. म्हणजे एका खुणेच्या लोपानें भीतीचें विधान घटनेच्या नकारांत बदललें, आणि प्रत्यक्षांत तर घटना घडलेली! एकच वाक्य, आणि त्यापासून दोन प्रकारचे खोटे इतिहास निघूं शकतात.

४. संस्कृत व मराठी यांशीं तुलना

हें सर्व परक्या भाषेचें विचित्र वळण आहे असें संस्कृतज्ञ वाचकानें समजूं नये. संस्कृतांत ‘अग्रहीत्’ म्हणजे त्यानें घेतलें. परंतु निषेधार्थी ‘मा’ चा योग झाला कीं पाणिनीच्या शासनानें आरंभींचा अट् आगम गळतो आणि ‘मा ग्रहीत्’ असें रूप होतें. अर्थ ‘तो न घेवो’. तेथें एका अकाराच्या अस्तित्वावर घटना अवलंबून आहे, येथें एका छत्रावर. भयार्थी फ्रेंच वाक्यांतील ‘न’ चें कोडेंहि या वाटेनें सुटतें. ‘इंग्रज भ्याले, सिद्दी शिवडी न घेवो!’ अशीं दोन वाक्यें एकत्र सांधलीं गेलीं असें समजलें म्हणजे तो ‘न’ कां आला हें ध्यानीं येतें. लॅटिन भाषेंतील भयार्थी रचना अशीच आहे.

मराठींत पाहूं गेल्यास साम्य अधिकच निकटचें आहे. ‘सिद्दीनें शिवडी घेतली’ आणि ‘सिद्दीनें शिवडी घ्यावी’ या दोन वाक्यांत कर्ता, कर्म व प्रयोग एकच. दोन्ही ठिकाणीं क्रियापद कर्माच्या लिंगवचनानें चालतें. पहिल्याच्या मुळाशीं संस्कृताचा ‘क्त’ प्रत्यय व दुसऱ्याच्या मुळाशीं ‘तव्य’ प्रत्यय. घडलेलें आणि घडावेंसें वाटणारें यांत अंतर काय तें प्रत्ययाचें. मोडी कागद वाचणारा ‘पाठवावें’ या शब्दावरून ‘पाठविलें’ असा निष्कर्ष कधींहि काढीत नाहीं. सरदारानें दहा कलमांची यादी दिली आणि प्रत्येक कलमांत ‘द्यावें’, ‘करावें’ असें लिहिलें, तर त्या कलमाखालीं सरकारचा जाब काय पडला हें पाहिल्यावांचून तो मागणीस देणगी समजत नाहीं. हीच सावधगिरी फ्रेंच कागदांत हवी. फरक इतकाच कीं मराठींत ‘वें’ आणि ‘लें’ कानास वेगळीं लागतात, फ्रेंचांत कान सर्वस्वीं निरुपयोगी आहे.

एक भेद मात्र सांगितला पाहिजे. मराठींत ‘सिद्दीनें यावें असें तो इच्छितो’ आणि ‘सिद्दीनें यावें असें तो इच्छीत होता’ या दोहोंत ‘यावें’ तेंच राहतें. फ्रेंचांत तसें नाहीं. प्रधान क्रियापद वर्तमानकाळीं असेल तर आश्रित क्रियापदाचें वर्तमान रूप ‘व्येन्’ येतें. प्रधान क्रियापद भूतकाळीं गेलें कीं आश्रित क्रियापद त्याच्यामागून जातें व ‘वें’ होतें. म्हणजे आश्रितभूत या नांवांतील ‘भूत’ हा त्या क्रियेचा स्वतःचा काळ नव्हे. प्रधान क्रियापदाची ती छाया आहे. नांवावर विसंबणारा विद्यार्थी या ठिकाणीं हमखास ‘आला’ असें भाषांतर करतो. खरें भाषांतर ‘यावें’ किंवा ‘येईल’.

५. झालेल्या गोष्टीसहि हेंच रूप

येथपर्यंत वाचून कोणी असा सोपा नियम बांधील कीं आश्रितभूत दिसलें म्हणजे गोष्ट घडली नाहीं असें समजावें. हा नियमहि तितकाच घातक आहे. आश्रितभूत एवढेंच सांगतें कीं लिहिणारा त्या जागीं ती गोष्ट प्रतिपादीत नाहीं. ती घडली कीं नाहीं याचा निर्णय ज्याच्या आश्रयानें तें रूप आलें त्यावरून करावा लागतो. या दृष्टीनें तीन वर्ग करणें सोईचें आहे.

पहिला वर्ग अनिश्चिताचा. आज्ञा, इच्छा, विनंति, भीति, संशय दाखविणारीं क्रियापदें, आणि ‘आफें क’ (एतदर्थ कीं), ‘द पर क’ (न जाणो, या भीतीनें), ‘आव्हां क’ (होण्यापूर्वीं) हीं अव्ययें यांच्यामागून आश्रितभूत आलें तर त्या वाक्यावरून घटना सिद्ध होत नाहीं. ती दुसऱ्या साधनानें सिद्ध करावी. मराठींत येथें ‘यावें’, ‘घ्यावी’, ‘घेईल’ इत्यादि रूपें चालतात.

दुसरा वर्ग मान्य केलेल्या गोष्टीचा. ‘क्वाक्’ व ‘ब्यें क’ या अव्ययांचा अर्थ ‘जरी’ असा आहे. त्यांच्यामागूनहि हेंच रूप येतें. ‘सिद्दीनें शिवडी घेतली असली तरी किल्ला टिकला’ असें फ्रेंचांत म्हणावयाचें तर घेण्याचें क्रियापद आश्रितरूपांत जाईल. पण शिवडी गेली ही गोष्ट लिहिणारा नाकारीत नाहीं, उलट धरून चालतो. खेद, आश्चर्य किंवा आनंद दाखविणाऱ्या क्रियापदांचें असेंच आहे. ‘अमुक मरण पावला याचें त्यास वाईट वाटलें’ या वाक्यांत मरण आश्रितरूपांत असतें, आणि मरण तर खरेंच असतें. मराठी भाषाहि ‘घेतली असली तरी’ असें म्हणून झालेल्या गोष्टीस क्षणभर संशयाचें वस्त्र नेसवितेच.

तिसरा वर्ग न घडलेल्याचा. ‘यू’ किंवा ‘फ्यू’ या सहायक रूपापुढें भूतकालवाचक धातुसाधित आलें तर जुन्या फ्रेंचांत संकेत होतो: ‘घेतली असती’, ‘आला असता’. संस्कृतांतील लृङ् लकाराचें, म्हणजे क्रियातिपत्तीचें, हें क्षेत्र. ‘अग्रहीष्यत्’ म्हटलें कीं घेतलें नाहीं हें ठरलेंच. येथें छत्र सुटलें तर होणारा अनर्थ सर्वांत मोठा, कारण छत्रावांचून तेंच सहायक रूप ‘घेतल्यानंतर’ अशा पूर्वघटित क्रियेचें होतें. जी गोष्ट घडलीच नाहीं म्हणून लेखक हळहळत असेल, ती घडून चुकली असें वाचणारास वाटेल.

दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण मुंबईंत १८३६ सालीं निघालें आणि मोरो केशव दामले यांचा मोठा ग्रंथ १९११ सालीं. विध्यर्थ, संकेतार्थ व त्यांच्या छटा यांचा ऊहापोह मराठींत इतका जुना आहे कीं या तिन्ही वर्गांस लागणारीं मराठी रूपें आपल्यास नवीं घडवावीं लागत नाहींत.

६. छत्रचिन्हाची उत्पत्ति व जुनीं लेखनें

हें छत्र आलें कोठून? लॅटिन भाषेंतील पूर्णभूताच्या आश्रितरूपापासून फ्रेंच रूप झालें: ‘आमाविस्सेम्’ याचें ‘आमास्सेम्’, त्याचें फ्रेंच ‘एमास्’. तृतीय पुरुषाच्या एकवचनीं हा सकार टीच्या मागें दबला व बोलण्यांतून गेला. लिहिण्यांत मात्र पुष्कळ काळ राहिला. म्हणून सतराव्या शतकांतील फ्रेंच कागदांत आश्रितभूतांत टीपूर्वीं मूक एस आढळतो. पुढें फ्रेंच अकादमीनें आपल्या कोशाची तिसरी आवृत्ति १७४० सालीं काढली, तींत असे पुष्कळ मूक एस वगळून त्यांच्या जागीं छत्र दिलें. छत्र हें त्या लुप्त सकाराचें स्मारक होय. आपल्याकडे लुप्त अकाराच्या जागीं अवग्रह देतात तसेंच.

यावरून हस्तलिखितांच्या वाचकास दोन गोष्टी ध्यानीं ठेवाव्या लागतात. मार्तें किंवा कारे यांच्या काळच्या कागदांत छत्र शोधणें व्यर्थ. तेथें एस पाहावा. पण एस दिसला म्हणजे आश्रितभूतच असेंहि नाहीं. घेणें, करणें, ठेवणें अशा कांहीं क्रियापदांच्या कथनभूतांतहि प्राचीन काळीं एस लिहीत असत व जुन्या वळणाचे लेखक तो पुढेंहि लिहीत. ‘फ्यू’ मध्यें एस आश्रितभूताचा बराच भरवशाचा साक्षीदार आहे. ‘प्री’ मध्यें तसा नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कागदांत छत्राची अपेक्षा करावी. तथापि त्या काळचे कारकून स्वरचिन्हें देण्यांत एकसारखे नसत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, आणि ‘दिन’ कीं ‘दीन’ हें संदर्भानें ठरवावें लागतें, हा ज्यांचा नित्याचा अनुभव आहे त्यांस या अडचणीचें स्वरूप अधिक सांगावयास नको.

७. राजकारणांतील महत्त्व

हा भेद केवळ वैय्याकरणांच्या कौतुकाचा नव्हे. सेंत-ल्युबें १७७७ सालीं पुण्यास आला तेव्हां नाना फडणिसांनीं त्याचें आगतस्वागत केलें. मॉस्टिन हा इंग्रजांचा वकील त्या वेळीं पुण्यांत होता. फ्रेंचांस चौलचें बंदर मिळणार, फ्रेंच फौज येणार, अशा वार्तांनीं मुंबई व कलकत्ता येथील इंग्रज अस्वस्थ झाले. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाच्या पुढच्या टप्प्यास जीं कारणें झालीं त्यांत या संशयाची गणना होते. १७७८ सालीं सेंत-ल्युबें निघून गेला. चौल फ्रेंचांस मिळालें नाहीं.

अशा प्रकरणांत ‘दिलें’, ‘द्यावें’, ‘देतील अशी आशा’, ‘दिलें असतें तर’ हे चार निराळे इतिहास आहेत. नानांच्या बाजूनें पाहिलें तर फ्रेंचांस जवळ करून इंग्रजांस धाकांत ठेवणें आणि प्रत्यक्ष कांहींच न देणें यांतच त्यांचें धोरण साधत होतें. मागणीच्या कागदास मान्यतेचा कागद समजलें तर नाना भोळे ठरतात. मान्यतेस मागणी समजलें तर नको तेवढे धूर्त ठरतात. पुरुषाच्या चारित्र्याचा निवाडा अशा ठिकाणीं क्रियापदाच्या अर्थावर येऊन ठेपतो.

८. रूपाचा ऱ्हास व त्याचा परिणाम

आज हा धोका वाढला आहे, कारण खुद्द फ्रेंच लोकांच्या बोलण्यांतून हें रूप गेलें आहे. ‘एमास्यों’ यासारखीं लांबट रूपें थट्टेचा विषय झालीं आणि त्यांच्या जागीं वर्तमान आश्रितरूपानें भागूं लागलें. फ्रेंच शिक्षणखात्यानें २६ फेब्रुवारी १९०१ रोजीं काढलेल्या आज्ञापत्रांत, प्रधान क्रियापद संकेतार्थी वर्तमानाचें असतां, आश्रितभूताऐवजीं वर्तमान रूप लिहिल्यास परीक्षेंत चूक धरूं नये असें ठरविलें. १९७६ च्या आज्ञापत्रानें सवलत आणखी वाढविली. छापील गद्यांत आज मुख्यतः तृतीय पुरुषाचें एकवचन, त्यांतहि ‘फ्यू’ व ‘यू’, आढळतें. वेदांतील लेट् लकार जसा लौकिक संस्कृतांतून उठला आणि वैदिकांपुरता उरला, तशीच ही गति. मात्र १९९० सालीं फ्रेंच लेखनाची सुधारणा झाली, तेव्हां आय व यू या अक्षरांवरील पुष्कळ छत्रें ऐच्छिक केलीं असतांहि या रूपावरील छत्र कायम ठेवण्यांत आलें. तें काढिलें तर अर्थच नाहींसा होईल हें सुधारकांसहि मान्य करावें लागलें.

परिणाम असा कीं आज मुंबई-पुण्यांत जीं मुलें उत्तम फ्रेंच बोलावयास शिकतात त्यांस हें रूप वापरावें कधींच लागत नाहीं, आणि तींच उद्यां जुन्या कागदांच्या वाचनास येणार. दुसरी वाट इंग्रजी भाषांतराची. कारेच्या प्रवासाचें लंडनांतील हस्तलिखित हॅक्लुइट सोसायटीनें १९४७-४८ सालीं इंग्रजी भाषांतराच्या रूपानें छापलें, आणि मूळ फ्रेंच पाठ पॅरिसांत २००५ सालीं ग्रंथरूपानें निघाला. मधल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळांत इंग्रजीवांचून वाचकास गति नव्हती. इंग्रजी भाषेंत आश्रितार्थाचीं रूपें झिजून गेलीं आहेत. तेथें भाषांतरकार कितीहि दक्ष असला तरी मूळ रूप कोणतें होतें हें भाषांतरावरून नेहमींच कळत नाहीं. त्या इंग्रजीवरून मराठी केलें म्हणजे ‘वें’ प्रत्ययाची जी संपत्ति आपल्याजवळ आहे ती न वापरतांच राहते.

९. वाचकांसाठीं कसोट्या

वरील विवेचनावरून व्यवहारांत उपयोगी पडतील अशा कसोट्या पुढें देतों.

पहिली: संशयित रूपाच्या मागें ‘क’ हें अव्यय आहे काय व त्याच्याहि मागें कोणतें क्रियापद आहे हें पाहावें. आज्ञा, इच्छा, भीति यांचें क्रियापद असल्यास छत्र नसलें तरी आश्रितभूत समजावें. ‘सांगितलें कीं’, ‘समजलें कीं’ असें होकारार्थी क्रियापद असल्यास बहुधा स्वार्थ समजावा.

दुसरी: त्याच वाक्यांत त्याच अव्ययाखालीं दुसरें एखादें बहुवचनी क्रियापद असेल तर त्याचें रूप पाहावें. बहुवचनांत ‘प्रीर्’ व ‘प्रिस्’ यांचा भेद लपत नाहीं, आणि जोडीदारावरून एकवचनाचा निर्णय होतो. पहिल्या गणाचें क्रियापद शेजारीं असल्यास त्याच्या अंत्य टीचीहि अशीच साक्ष घ्यावी.

तिसरी: भयार्थी क्रियापदापुढील एकटा ‘न’ निषेध म्हणून भाषांतरूं नये.

चौथी: लिहिणाऱ्याची संवय पाहावी. ज्या ठिकाणीं अर्थ निःसंशय आहे अशा दहावीस जागा काढून तेथें तो छत्र किंवा एस देतो कीं नाहीं हें टिपून ठेवावें. जो नेहमीं देतो त्याच्या अभावास अर्थ आहे. जो कधींच देत नाहीं त्याच्या अभावास नाहीं.

पांचवी: पत्राची तारीख व घटनेची तारीख ताडून पाहावी. भीतीचें पत्र घटनेच्या आधींचें असावें हें उघड. मात्र येथें पंचांगाचा भेद विसरूं नये. फ्रेंचांनीं नवें पंचांग १५८२ सालींच स्वीकारलें. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यानेंच चालत, आणि सतराव्या शतकांत दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें. शिवाय इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळें जानेवारी ते मार्च या काळांतील इंग्रजी पत्रावर एक वर्ष मागचें सालहि असूं शकतें. शिवडीच्या प्रकरणासारख्या ठिकाणीं, जेथें चार दिवसांत भीतीची घटना झाली, तेथें हा हिशेब चुकल्यास भीति घटनेच्या मागून आल्यासारखी दिसेल.

१०. संग्राहकांस विनंति

ज्यांच्या संग्रहीं फ्रेंच कागद आहेत किंवा जे त्यांच्या नकला मिळवितात त्यांनीं तीन गोष्टी कृपा करून पाळाव्या. नकलेंत मूळचें चिन्ह असेल तें ठेवावें, नसेल तें आपण होऊन घालूं नये; घालावेंसें वाटल्यास चौकोनी कंसांत घालावें, म्हणजे मूळ कोणाचें व दुरुस्ती कोणाची हें पुढच्यास कळेल. भाषांतर प्रसिद्ध करतांना निर्णायक वाक्यांचा मूळ पाठ शेजारीं छापावा. आणि शक्य तेथें फ्रेंचावरून थेट मराठी करावें. ‘यावें’, ‘आला असला तरी’, ‘आला असता’ हे तीन अर्थ आपली भाषा तीन रूपांनीं स्वच्छ दाखविते. हें सामर्थ्य मध्यस्थ भाषेच्या हवालीं करण्याचें कारण नाहीं.

आपले पूर्वज काय इच्छीत होते, कशास भीत होते आणि त्यांनीं प्रत्यक्ष काय केलें या तीन गोष्टी इतिहासांत वेगळ्या राहिल्या पाहिजेत. फ्रेंच कागदांत त्या वेगळ्या ठेवण्याचें काम पुष्कळदां एका छत्रचिन्हावर सोंपविलेलें असतें. तें चिन्ह पुसलें गेलें असेल तर त्याचें काम वाचकास करावें लागतें, आणि तें त्यानें न कंटाळतां करावें, इतकीच जिज्ञासूंस विनंति आहे.